विमानाचं सोंग

आजवर माझ्या हातून एकेचाळीस विमानं पडली. त्यांतली एकोणीस दाबोळीच्या धावपट्टीच्या अलीकडे, बारा पलीकडे, नऊ समुद्रात आणि एक, सांगायला लाज वाटते, जमिनीवरच, समोरच्या शेडच्या भिंतीत शिरून. इतकं होऊनही माझ्यावर चौकशी बसली नाही, मेमो आला नाही, पगारवाढ रोखली गेली नाही. उलट एकदा काउंटरवर माझ्या हातून पन्नास रुपयांची एक नोट जास्त गेली, तेव्हा मला तीन पानी खुलासा लिहावा लागला होता. म्हणजे विमान पाडणं हे पन्नास रुपये जास्त देण्यापेक्षा बरंच किरकोळ प्रकरण असावं, असा माझा आपला कॉमर्स ग्रॅज्युएटचा हिशेब.

वाचकांनी घाबरून जाऊ नये. ही सगळी विमानं कुडाळात, आमच्या माजघराशेजारच्या खोलीत, दोन फूट रुंदीच्या पडद्यावर पडली. चिरंजीव पुण्याला इंजिनिअरिंगला गेले आणि जाताना लॅपटॉप घेऊन गेले. मागे उरला तो त्यांचा मोठा कॉम्प्युटर आणि त्यातला विमान चालवण्याचा खेळ. हा खेळ २०२० च्या ऑगस्टात बाजारात आला. त्यात सगळी पृथ्वी आहे म्हणतात. शंभराच्या वर जीबीचा तो ऐवज आमच्या इंटरनेटवरून खाली उतरवायला चिरंजीवांना आख्खा मृगाचा पाऊस लागला होता. पाऊस आणि वीज या आमच्या जिल्ह्यात सवती आहेत. एक घरात आली की दुसरी माहेरी जाते. अशा स्थितीत आख्खी पृथ्वी घरात आली हेच नवल. ती रिकामी पडून राहावी हे माझ्या बँकेतल्या मनाला पटेना. पडून राहिलेलं खातं बघवत नाही आम्हाला.

सुरुवातीला मी साध्या पंख्याच्या विमानावर होतो. पण माणसाची हाव! सायकल झाली की स्कूटर, स्कूटर झाली की चारचाकी. एके दिवशी मी जेट विकत घेतलं.

घरात हे सांगताना मी शब्दरचना चुकवली. जेवता जेवता सहज म्हणालो, "आज एक छोटं जेट घेतलं."

बायकोने भाताचा डाव तसाच हवेत ठेवला. "किती हप्ते?"

"हप्ते नाहीत. रोख. तीन हजारांच्या आसपास."

"अहो, तीन हजारांत मिक्सर येत नाही धड!"

खरं विमान वीस कोटींच्या वर जातं, म्हणजे मी जवळजवळ सगळीच रक्कम वाचवली, हे मी तिला समजावून सांगितलं. वाचलेली रक्कम कुठे आहे, असं तिने विचारलं. बायका फिलॉसफीत कच्च्या असतात असं कोणी म्हणेल तर मी त्याला माझ्या घरी जेवायला बोलवीन.

आपल्याकडे एक म्हण आहे: सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही. विमान खोटं, आकाश खोटं, खालचा समुद्र खोटा. पण खात्यातून गेले ते तीन हजार मात्र अगदी खरे. या म्हणीचा बाकीचा अर्थ मला पुढे कळायचा होता.

तर हे जेट. अमेरिकेत २०१६ साली परवाना मिळालेलं हे सिरस कंपनीचं व्हिजन जेट. पाठीवर एकच इंजिन, शेपूट इंग्रजी व्ही अक्षरासारखी, आत पाच मोठी माणसं आणि दोन पोरं मावतील एवढी जागा. आमच्याकडे एवढ्याच जागेत रिक्षावाला जास्त बसवतो, पण ते असो. या विमानाच्या दोन गोष्टींनी मी गार झालो. एक म्हणजे छताला तांबडी मूठ. सगळंच बिघडलं तर ती ओढायची. मग एकट्यादुकट्याचं नव्हे, आख्ख्या विमानाचंच पॅराशूट रॉकेटच्या जोरावर बाहेर येतं आणि विमान छत्री धरल्यासारखं खाली येतं. दुसरी म्हणजे एक बटण. चालवणारा बेशुद्ध पडला तर प्रवाशाने ते दाबायचं. विमान आपणच हवामान बघतं, तेल बघतं, जवळचा सोयीचा विमानतळ निवडतं, उतरतं आणि इंजिन बंद करून उभं राहतं. माझी नोकरी पंचवीस वर्षांची झाली. आमच्या शाखेत असं एकही बटण नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या खेळात उडण्यापूर्वी विमानात वजन भरावं लागतं. पडद्यावर विमानाचा नकाशा येतो, प्रत्येक खुर्चीपुढे एक चौकोन. त्यात १७० लिहिलं की १७० पौंडांचा एक माणूस बसला, म्हणजे आपला सत्त्याहत्तर किलोंचा गडी. नाव नाही, चेहरा नाही, तिकीट नाही. रिकामं विमान आणि भरलेलं विमान यांच्या वागण्यात फरक पडतो म्हणून मी सगळ्या खुर्च्या भरतो. रिकाम्या बसगाडीला घाट काय आणि सडा काय, सारखंच.

एका रात्री मी दाबोळीहून निघालो होतो. तेरेखोल, रेडी, शिरोडा, वेंगुर्ला अशी किनाऱ्याची रांग उजव्या हाताला ठेवत वर चाललो होतो. एवढ्यात आतून बांगड्याच्या तिखल्याचा वास आला. असल्या वासापुढे कसलीही वैमानिकी टिकत नाही. मी ऑटोपायलट लावला, विमानाचं नाक पश्चिमेला धरलं आणि उठलो.

आई दारात होती. तिला सगळं दिसतं. फक्त सुईत दोरा तेवढा जात नाही. ती म्हणाली, "अरे झिला, माणसां वरच ठेवन खंय चललंस?"

"कसली माणसं, आये?"

"त्या चौकटीत भरलंस ती. माका काय दिसाक नाय?"

"ती माणसं नव्हेत. नुसते आकडे आहेत."

"आकडे? मगे तुज्या बँकेत काय आसता? थंय पण आकडेच मा? धा रुपये कमी इले तर रातचे नऊ वाजयतंस!"

यावर मी जे काही उत्तर दिलं ते तिखलं तोंडात असल्यामुळे कोणाला कळलं नाही. मलाही नाही. जेवलो, सुपारी कातरली, बातम्या बघता बघता झोपलो. सकाळी उठून बघतो तो तेल संपून विमान कधीच अरबी समुद्राच्या तळाशी गेलेलं. सगळे १७० पौंड जागच्या जागी.

आता इथे नैतिक प्रश्न उभा राहतो. मला माहीत आहे की बी.कॉम.ला हा विषय नव्हता. तरी मी तो बँकेच्या पद्धतीने सोडवून पाहिला.

पहिलं उत्तर सोपं. कोणी मेलं नाही, कोणाचं नुकसान नाही, सबब गुन्हा नाही. पण आईचा आकड्यांचा मुद्दा घशात काट्यासारखा अडकला. बँकेत तरी मी दुसरं काय हाताळतो? नोटा आता कमीच. बाकी सगळे पडद्यावरचे आकडेच. मग दहा रुपयांच्या फरकासाठी आम्ही रात्री नऊपर्यंत का बसतो? कारण तो आकडा उचलून बघितला तर खाली एक माणूस असतो. कोणाची पेन्शन, कोणाचे काजूचे पैसे, कोणाच्या मुंबईच्या झिलाने पाठवलेले दोन हजार. आकडा खोटा की खरा हे ठरवायची ही चांगली कसोटी सापडली म्हणून मी खूष झालो. आकडा उचला आणि खाली बघा.

या कसोटीवर माझ्या विमानातले १७० पौंड उचलून बघितले. खाली कोणी नव्हतं. सुटलो! असं म्हणून मी उठणार, तेवढ्यात लक्षात आलं की एक खुर्ची तपासायची राहिली. पहिलीच. चालवणाऱ्याची. तिथेही १७० लिहिलं होतं, आणि त्या आकड्याखाली मात्र एक माणूस निघाला. पोट सुटलेला, चष्मा लावलेला, कुडाळचा. त्या विमानात खरा असा मी एकटाच होतो. आणि त्या खऱ्या माणसाने त्या रात्री काय केलं? वासाला भुलून जबाबदारी टाकून उठण्याचा सराव केला.

सराव हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कारण ही खोटी विमानं मुळात सरावासाठीच निघाली. १९२९ साली अमेरिकेत बिंगहॅम्टन गावच्या एडविन लिंक नावाच्या माणसाने पहिलं गाजलेलं खोटं विमान केलं. हा लिंक कोण? तर वडिलांच्या पियानो आणि ऑर्गनच्या कारखान्यात काम करणारा. त्याने ऑर्गनचेच भाते आणि हवेचे पंप घेतले, वर एक निळी पेटी बसवली, आणि माणूस आत बसून दांडा हलवील तशी ती पेटी डुलू लागली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या दशावतारातली पायपेटी आठवली. पायाने भाता मारायचा आणि हवेतून सूर काढायचा. लिंकने त्याच हवेतून विमान काढलं. सुरुवातीला हे यंत्र जत्रेत गंमत म्हणून खपलं. मग १९३४ साली अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांना टपाल वाहण्याचं काम मिळालं, धुक्यात आणि वादळात उपकरणं बघून उडायचा सराव नव्हता म्हणून बरेच जण मेले, आणि तेव्हा कुठे लष्कराने लिंककडून सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात तर त्यावर हजारो वैमानिक शिकले.

खोट्या विमानाने खरी माणसं वाचली ती कशाने? आत बसलेल्याने चूक ही चूकच मानली म्हणून. "पडलं तर पडलं, पेटीच आहे" असं म्हणणारा त्या पेटीत दहा वर्षं बसला असता तरी काही शिकला नसता. म्हणजे खोट्या जागी खरं वागायला लागतं, तरच ती जागा कामाची.

याची उलट बाजूही आहे. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये एका विमानाच्या दोन्ही इंजिनांत पक्षी शिरले. कप्तान सलेनबर्गरने ते हडसन नदीवर उतरवलं आणि आतली सगळीच्या सगळी १५५ माणसं जिवंत बाहेर आली. पुढे चौकशीत हाच प्रसंग खोट्या विमानात पुन्हा घडवून पाहिला. पक्षी लागताच वैमानिक लगेच मागे वळला तर काही वेळा विमान विमानतळावर पोचत होतं. म्हणजे कप्तान चुकला की काय? मग कोणीतरी शहाणपणाने विचारलं, की बाबांनो, खरा माणूस काय झालं हे समजून घ्यायला थोडा वेळ घेणारच ना? पस्तीस सेकंद धरले. पुन्हा करून पाहिलं. विमान पोचलं नाही.

त्या पस्तीस सेकंदांचा मी बरेच दिवस विचार करतोय. खोट्या विमानात सगळं होतं: वेग, उंची, वारा, वजन. पस्तीस सेकंद तेवढे नव्हते, कारण तिथे बसलेल्यांना पुढे काय होणार हे आधीच ठाऊक होतं. माझ्या मते माणूस नावाची जी काही चीज आहे ती त्या पस्तीस सेकंदांत राहते. काय करावं हे ठाऊक नसतं, पाठीमागे दीडशे माणसं असतात, आणि पुन्हा सुरू करायचं बटण नसतं.

इथवर आल्यावर मला वाटलं की आपण फारच गंभीर झालो. शेवटी खेळ तो खेळ! सगळेच खेळ असे तोंड वाईट करून खेळायचे तर मग पत्त्यांत हरल्यावर घर विकायला हवं. खोटं वागण्यात काही पाप असेल तर आमच्या सिंधुदुर्गातले निम्मे लोक नरकात जातील, कारण आमच्याकडे दशावतार आहे.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जत्रेची रात्र, देवळासमोरचं आवार, आणि रंगमंचावर सामान म्हणाल तर एक लाकडी बाक. त्या बाकावर राजा बसला की ते सिंहासन. कथा पुढे सरकली की तोच बाक पर्वत, तोच रथ आणि तोच अंतःपुरातला पलंग. संवाद लिहिलेले नसतात; नट आयत्या वेळी रचतात. राजा दिवसा शेतात असतो, इंद्र रिक्षा चालवतो, आणि राणीला मिशा फुटू नयेत म्हणून संध्याकाळी गुळगुळीत दाढी करावी लागते. आमच्या कुडाळ तालुक्यातल्या वालावलच्या मंडळींचं नाव तर या कलेत पिढ्यान्‌पिढ्या आहे. आजवर कोणी त्यांना लबाड म्हटलेलं नाही. का?

मला दोन कारणं दिसतात. एक, खोटं आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. बाक हा बाक आहे हे समोरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. दुसरं, सोंग घेतलं की नट ते पुरतं पार पाडतो. राजाला मध्येच भूक लागली म्हणून तो प्रजेला वाऱ्यावर सोडून तिखलं खायला जात नाही. आणि उजाडलं की मुकुट पेटाऱ्यात जातो, तोंड धुतलं जातं, राजा नांगराला लागतो. उसनवारी चुकवायची असेल तर तो राजाच्या खजिन्यातून चुकवत नाही. मिळालेल्या नारळा-पैशातून चुकवतो.

हा शेवटचा मुद्दा लिहिताना माझा पेन अडखळला. कारण इथून माझी खरी कबुली सुरू होते.

९ ऑक्टोबर २०२१ ला आमच्या चिपीच्या सड्यावर विमानतळ सुरू झाला. कुडाळपासून वीसेक किलोमीटर. सगळा जिल्हा त्या दिवशी माना वर करून होता. आईही अंगणात उभी राहिली, हाताची झापड कपाळावर धरून. तिची धाकटी बहीण, आमची मावशी, डोंबिवलीला असते. गुडघ्यांमुळे ती गावी येऊ शकत नाही. पाठीच्या दुखण्यामुळे आईला रात्रभराची गाडी झेपत नाही. दोघी बहिणी एकमेकींना आवाजाने ओळखतात, तोंडाने विसरत चाललेल्या. त्या दिवशी उत्साहाच्या भरात मी म्हणालो, "आये, तुका विमानान मुंबैक नेतंय. मावशीकडे."

ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतलं इरकल काढून उन्हात घातलं.

मग काय झालं? काहीच झालं नाही. मार्चात क्लोझिंग, एप्रिलात ऑडिट, मेमध्ये चाकरमानी, पुढे पाऊस, पुढे गणपती. तिकिटं कधी महाग, कधी नाहीत. बँकेत एखादी रक्कम कोणाच्या खात्याला घालायची ते कळेना की आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकतो. तिथे ती निवांत पडून राहते. माझं वचन तसं सस्पेन्सला पडलं. इरकल पुन्हा ट्रंकेत गेलं.

आणि २०२३ च्या पावसाळ्यात, जेट नवंकोरं होतं तेव्हा, मला एक कल्पना सुचली. वाईट कल्पना नेहमी चांगल्या कल्पनेचं सोंग घेऊन येते. मी आईला म्हणालो, "चल आये, आज तुका विमानात बसयतंय." शेजारी खुर्ची ठेवली. ती खरोखरच लुगडं बदलून आली. हात जोडून बसली. दाबोळीहून उठलो, दहा-बारा मिनिटांत भंगसाळ नदीवर आलो आणि म्हटलं, "ह्या बघ आपला घर."

ती वाकून बघू लागली. "आपली बाव खंय?"

बाव नव्हती. आमच्या कौलारू घराच्या जागी त्या कार्यक्रमाने अंदाजाने एक सपाट छपराची दुमजली इमारत ठेवून दिली होती, आणि माडांच्या जागी कुठल्याशा थंड देशातली झाडं. एवढी आख्खी पृथ्वी, पण त्यात आमची बाव नाही!

"बरां आसा," ती म्हणाली. "छान चलयतंस." आणि उठून देवापुढे दिवा लावायला गेली.

वाचकहो, मला सांगायला संकोच वाटतो, पण त्या रात्री मी मनातल्या मनात ते वचन पुरं झाल्याची नोंद केली. सस्पेन्स खातं बंद. शिल्लक निरंक. असला खोटा जमाखर्च मी बँकेत केला असता तर तीन पानी खुलाशावर भागलं नसतं.

गणपतीच्या आधी एकदा मावशीचा फोन आला. मी आतल्या खोलीत होतो. आई ओटीवरून मोठ्याने बोलत होती. ती फोनवर नेहमी डोंबिवलीला थेट ऐकू जाईल अशा आवाजात बोलते. म्हणाली, "होय गे, मी विमानात बसलंय. झिलान बसयल्यान माका. बरां होता. पण तुझ्याकडे काय पोचूक नाय."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. ती फक्त हिशेब सांगत होती: अमुक जमा, अमुक बाकी.

रॉबर्ट नॉझिक नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकाने १९७४ च्या आपल्या पुस्तकात एक यंत्र कल्पिलं आहे. त्यात माणसाने शिरायचं आणि त्याला हवे ते सगळे अनुभव मिळतील: पुस्तक लिहिल्याचा, मित्र जोडल्याचा, काय हवं ते. तुम्ही जन्मभर त्यात राहाल का, असा त्याचा प्रश्न. त्याचं म्हणणं असं की नाही राहणार; कारण आपल्याला नुसता केल्याचा अनुभव नको असतो, ती गोष्ट करायची असते. प्राध्यापकांना हे सांगायला ग्रंथ लागला. आमच्या आईने ओटीवरून एका वाक्यात सांगितलं. बसलंय, पण पोचूक नाय.

तेव्हा कुठे म्हणीचा उरलेला अर्थ मला लागला. पैशाचं सोंग का आणता येत नाही? कारण पैसा म्हणजे देणं. राजाचं सोंग आणता येतं, विमानाचं येतं, शौर्याचंही येतं. आणि चांगल्या मनाने आणलं तर त्यातून माणूस दोन गोष्टी शिकतोही. पण सोंगाने देणं फिटत नाही. सोंग लबाडी केव्हा होतं, तर ते खऱ्या माणसाच्या खात्यात भरलं जातं तेव्हा. मी विमानाचं सोंग आणलं हा गुन्हा नव्हे. त्या सोंगाने मी आईचं देणं फेडायला गेलो, हा गुन्हा.

मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव नावाच्या वैमानिकाने आपल्या इमारतीच्या गच्चीवर खरंखुरं सहा आसनी विमान बांधलं, ते २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी बघितलं, आणि मग उडवायच्या परवान्यासाठी त्याला २०१९ पर्यंत कागदपत्रांशी झुंजावं लागलं. हे मी पूर्वीच वाचलं होतं आणि म्हणालोही होतो, की हा माणूस छपरावर खरं विमान बांधतो आणि मी छपराखाली खोटं पाडतो. तेव्हा ते विनोद म्हणून म्हटलं होतं. खरी गोष्ट करायला गच्ची लागते, वर्षं लागतात, खेटे लागतात. मला तर विमान बांधायचं नव्हतं. दोन तिकिटं काढायची होती.

ती मी काढली. २०२३ च्या डिसेंबरात, चिपीहून. रजेचा अर्ज करताना कारण लिहिलं: देणं फेडणे. साहेबांनी ते खोडून 'कौटुंबिक' केलं.

खरं विमान सत्तरेक माणसांचं, दोन पंख्यांचं, माझ्या जेटपुढे अगदीच एस.टी. आई इरकलात. आणि वाचकहो, एकेचाळीस विमानांचा मी जाणकार, पण चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा माझेच तळवे घामाने भिजले. कारण पुढे काय होणार ते मला ठाऊक नव्हतं. आईने माझा हात धरला. तिला आधार हवा असेल म्हणून मी बघितलं, तर ती मलाच आधार देत होती.

"ह्या पडला तर परत सुरू करूक येता?" तिने हळूच विचारलं.

"नाय गे, आये."

"मगे नीट बस."

खाली कर्लीची खाडी समुद्राला मिळताना दिसली. तिने काचेला नाक लावलं. या वेळी माड माडच होते. आमची बाव तेवढ्या उंचीवरून दिसण्यासारखी नव्हतीच. पण ती खाली होती, एवढं मला पुरलं.

तासा-सव्वा तासात मुंबई आली. लोक नेहमीप्रमाणे चाकं टेकायच्या आत उभे राहिले. आमची पाळी आली, शिडी उतरलो. मी पिशवी सावरत पुढे निघालो तर आई मागेच थांबलेली. विमानाच्या दाराकडे बघत उभी. कर्मचारी पोरगी तिला चला चला म्हणतेय आणि ही हलत नाही.

"काय झालं, आये?"

"थांब रे. सगळी माणसां उतरली मा?"

डोंबिवलीला दोघी बहिणी भेटल्या तेव्हा पहिली पाच मिनिटं कोणी बोललं नाही, आणि पुढचे चार दिवस दोघींनी आम्हाला बोलू दिलं नाही. तो हिशेब इथे मांडण्यासारखा नाही.

मी अजून उडतो. बेचाळिसावं विमान गेल्या महिन्यात पडलं. वारा आडवा होता, तक्रार नाही. पण आता मध्येच उठत नाही. तिखल्याचा वास आला तरी आधी कुठेतरी उतरतो, इंजिन बंद करतो, खुर्च्यांपुढचे १७० एकेक करून पुसतो आणि मग जेवायला जातो. बायको म्हणते, अन्न निवतं. निवतं खरं.